शेंगांनी भरलेलं रॉकेट

रविवार, जानेवारीची अखेर. हजर: मी, गाडी चालवायला नवरा सुधाकर, हैदराबादहून आलेले परीक्षक राव सर, आणि आपलं पडीक रान आम्हाला वापरू देणारे तलमडुगूचे दिगंबरभाऊ. वारा न बोलावता आला होता.

नागपूरहून पहाटेच निघालो. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, बोलणं मात्र बरंचसं वऱ्हाडीच राहतं. आदिलाबादला चहा उभ्यानेच घेतला आणि मागच्या सीटवरचं रॉकेट पुन्हा तपासलं. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, सगळं घरी केलेलं. मोठ्या ताकदीची रॉकेटं उडवायची तर आमच्या क्लबात आधी पहिली पायरी पार करावी लागते. रॉकेट स्वतः बांधायचं, परीक्षकासमोर उडवायचं. ते पॅराशूटने उतरायला हवं आणि पुन्हा उडवता येईल असं धड हाती यायला हवं. क्लबाकडे एवढ्या ताकदीची एकच मोटार (इंधन भरलेली नळी) उरली होती. पुढची कधी मिळेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

तलमडुगूच्या काळ्या रानात पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) उभी होती. पलीकडे पुरुषभर उंच ज्वारी, आणि ती सगळी एका बाजूला झुकलेली. राव सर मान हलवत पुटपुटले, "गाली, गाली."

सुधाकर माझ्याकडे वळला. "कुणाला शिव्या देतायत हे?"

"तेलुगूत गाली म्हंजे वारा, साहेब," दिगंबरभाऊ हसले. "अन् आज तो पडूनच नाही राह्यला."

त्यांच्या घरून भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आला. सगळे बांधावर बसून जेवले. मी भाकरी हातात घेऊन वायरी तपासत फिरले. उड्डाणाची परवानगी दुपारपर्यंतचीच होती आणि वारा हटायला तयार नव्हता.

"मॅडम, हवा में रॉकेट झुकेगा," राव सर म्हणाले. "फैसला आपका."

"उड़ाते हैं," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

छाती हलवणारा आवाज झाला. रॉकेट सरळ चढलं, मग वाऱ्याकडे कललं. पॅराशूट उघडायला क्षणभर उशीर झाला. उघडलं तेव्हा मी ओरडलेच. लाल ठिपका वाऱ्याबरोबर वाहत ज्वारीपलीकडे उतरला.

आम्ही बांधाबांधाने निघालो. पाती तोंडावर सपासप लागत होती. पार पलीकडच्या बांधावर एक बाई समोरून येताना दिसल्या. डोक्यावर माझं रॉकेट, खांद्यावर नीट घडी घातलेलं पॅराशूट.

"या शेवंताबाई, बाजूच्या वावरवाल्या," दिगंबरभाऊंनी सांगितलं.

"घ्या ताई, तुमचं. माया तुरीत पडलं होतं," त्या म्हणाल्या. रॉकेट हातात घेतलं तर भलतंच जड. नळी तुरीच्या हिरव्या शेंगांनी काठोकाठ भरलेली!

"अहो, हे काय?"

"रिकामं भांडं कोणी वापस देते का?"

सुधाकरला हसू आवरेना. राव सर हसले नाहीत. त्यांनी शेंगा शेवंताबाईंच्या पदरात ओतायला लावल्या आणि नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. कड बोटभर चिरली होती. पॅराशूट उशिरा, वेगात उघडलं तर त्याच्या दोरीने अशी चीर पडते, मग नापास. शेंगा कोंबताना पडली असेल, तर माझी चूक नाही.

"पूछिए इनसे," ते दिगंबरभाऊंना म्हणाले. "ये कब फटा?"

दिगंबरभाऊंनी विचारलं, "काऊन वहिनी, शेंगा भरताना चिरलं का हे?"

एक 'हो' पुरला असता.

शेवंताबाईंचा चेहरा तांबडा झाला. "मी कायले फाडू लोकाची वस्तू? पडलं तवाच चिरेल होतं! म्हणून तं वरून दाबल्या नाही शेंगा. इचारा कोनालेई, माया हातून आजवर कोनाचं काही फाटलं हाय का!"

"नाही हो बाई, तुम्हाला कोण बोलतंय," मी म्हटलं. राव सरांनी सही न करताच पेन खिशात ठेवलं.

परतताना पैनगंगेचा पूल आला. मग सुधाकर म्हणाला, "त्या हो म्हणाल्या असत्या तर?"

"तर चीर तशीच राहिली असती," मी म्हटलं. आवाज मला हवा होता तितका शांत निघाला नाही.

शेंगांची उसळ झाली, दोन दिवस पुरली. नळीची चिरलेली कड कापून आतून फायबरची पट्टी चिकटवायची आहे. पुढच्या मोटारीचा पत्ता नाही; नळी टेबलावर आडवी पडून आहे. करवत अजून लावलेली नाही.