विषुववृत्तावरचा गारठा

शिरपूर सोडलं तेव्हा मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं की एसटीच्या खिडकीची दांडी हाताला पोळत होती. धुळ्याला गाडी बदलली, मुंबई गाठली आणि दुसऱ्या दिवशी मी विमानात होते. अठरा वर्षं भूगोल शिकवला, पण महाराष्ट्राबाहेर एकदाच गेले होते, इंदूरला, लग्नाला. आता शिक्षकांच्या अभ्याससहलीबरोबर थेट केनियाला निघाले होते. जागेवर बसणं मला जमेना. सारखी खिडकीकडे वाकून खाली बघायचे. शेजारचे चौधरी सर, जळगावच्या मेहरूणचे, शेवटी म्हणाले, "बाई, समुद्र आहे. अजून दोन-तीन तास समुद्रच असणार."

नैरोबीत उतरलो. लालभडक माती. काळ्या मातीची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ती भाजून काढल्यासारखी वाटली. जेवायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि पालेभाजी. चौधरी सरांनी डब्यातला ठेचा काढला आणि सगळ्यांचं जेवण रुळावर आलं. पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. जिथे जावं तिथे दहा मिनिटं. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या त्या प्रचंड खचदरीच्या काठावर उभी राहिले, तर लगेच मागून हाक, "चला, गाडीत बसा!"

चौथ्या दिवशी विषुववृत्त बघायचं होतं. निघताना धुळ्याच्या एका बाईंनी विचारलं, "स्वेटर घेऊ का हो?"

"विषुववृत्तावर चाललोय आपण," मी म्हटलं. "स्वेटर कसले घेता?"

माझ्या शब्दावर पाच-सहा जणींनी स्वेटर खोलीतच ठेवले. मीही ठेवला.

गाडी चढत राहिली. आधी धुकं आलं, मग झिमझिम. 'विषुववृत्त' लिहिलेल्या पिवळ्या पाटीपाशी मी सगळ्यांच्या आधी उतरले आणि सुती साडीत दात वाजायला लागले. कोबी-बटाटे विकणारी एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "बारिदी, मामा!" (थंडी आहे, बाई. तिकडे बाईमाणसाला 'मामा' म्हणतात.) तिने अंगावरची घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"हेच ना तुमचं विषुववृत्त?" धुळ्याच्या बाई कुडकुडत म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले.

"उंचीवर आलोय ना आपण," चौधरी सर म्हणाले.

उंची वाढली की तापमान घटतं, हे मीही शिकवत होतेच. पण ते वेगळ्या धड्यात होतं. दोन्ही धडे माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते.

आणि तिथे, घोंगडीत, मला सुमन पावरा आठवली. सातपुड्यातल्या पाड्यावरची मुलगी, सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे नववीत होती. तिने पेपरात लिहिलं होतं, "विषुववृत्तावर उंच जागी थंडी वाजते." मी लाल फुली मारली. एवढ्यावर थांबले नाही, वर्गात ते मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, "मग आपल्या धुळ्यातही बर्फ पडत असेल!" वर्ग खदाखदा हसला. त्यानंतर सुमनने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

पुढच्या दिवसांत धबधबा पाहिला, सिंह पाहिले, चहाचे मळे पाहिले. पण लक्ष लागेना. तिला पत्र लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. असली गोष्ट पत्रातून सांगायची नव्हती.

परतल्यावर पहिल्याच रविवारी एसटीने डोंगराच्या पायथ्याशी उतरले आणि चालत निघाले. वाटेत एका आबांना विचारलं. ते म्हणाले, "सुमनबाईनं घर? वर शे." (सुमनबाईचं घर? वर आहे.)

सुमन पाड्यावर बालवाडी चालवत होती. मला बघून धडपडत उठली. "बाई, तुम्ही? इथं?"

तिने पाणी पुढे केलं, पण ते घ्यायच्या आत मी बोलून टाकलं, "नववीत तू थंडीचं लिहिलं होतंस, ते बरोबर होतं. मी चुकले. आणि वर्गासमोर तुला हसले, ते त्याहून वाईट."

ती विसरली असेल अशी मला आशा होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आठवतं, बाई."

पाणी पिऊन मी विचारलं, "पण तुला कसं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शिरपूरला वसतिगृहात उकाड्यानं जीव जायचा आणि सुटीत इथं आले की गोधडी लागायची. एकाच तालुक्यात एवढा फरक. तिकडेही डोंगर असतीलच की, असं वाटलं."

मला समुद्र ओलांडून जे कळलं, ते या मुलीला शिरपूर ते पाडा एवढ्या वाटेवर कळलं होतं. मी म्हटलं, "हा धडा आमच्या नववीला तू शिकव."

"मी? बघते, बाई," ती म्हणाली.

जुलैत ती खरंच आली. मी मागच्या बाकावर बसले. पुस्तक न उघडताच तिने वर्गाला विचारलं, "तुमच्यात वरच्या पाड्यांवरून कोण कोण येतं?"

बिचकत बिचकत चार हात वर झाले. अठरा वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.