एमिलचा पेनसिल्व्हेनियातला परवाना

एमिल ह्राबोव्स्कीला जाऊन आता दोन वर्षं झाली. पहिल्या भेटीत मला तो अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या मिशिगनमध्ये पिस्तूल कपड्याआड बाळगायचा परवाना हवा असेल तर आठ तासांचा वर्ग करावा लागतो. गावात तो मी घेते, चर्चच्या तळघरात. त्या जूनमध्ये अकरा जण वह्या उघडून बसले होते आणि बारावा हा, शहात्तर वर्षांचा, डोक्यावर टोपी तशीच ठेवून मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला. पेनसिल्व्हेनियाचा परवाना पंचवीस वर्षं आपल्याकडे होता, असं त्यानं सगळ्यांदेखत सुनावलं. "होता ना?" मी म्हटलं. "मग आता टोपी काढा आणि ऐका."

जेवायच्या सुट्टीत त्यानं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया, त्याच्या आईच्या स्लोव्हाक पद्धतीनं त्यानंच केलेल्या. कोबी पार करपला होता. बायको असती तर करपला नसता, असं तो म्हणाला. तिथून जो बोलायला लागला तो थांबेना.

तिकडे पेनसिल्व्हेनियात, डोंगरातल्या खाणवस्त्यांमध्ये तो एका औषधाच्या दुकानाची गाडी चालवायचा. छातीत कोळसा बसलेले म्हातारे खाणकामगार, त्यांच्या विधवा, अशांना घरपोच औषधं द्यायची. कुणाचं कुत्रं चावतं, कुणाला कमी ऐकू येतं, सगळं त्याला पाठ. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या बाटल्यांना तो रबर लावून द्यायचा. एक रबर म्हणजे सकाळची, दोन म्हणजे संध्याकाळची. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा दोघांनी गाडी अडवून दुखण्यावरच्या गोळ्या पळवल्या आणि जाताना त्याचे दोन दात पाडले. मग दुकानाच्या मालकानं पिस्तुलाचा परवाना काढायला लावला.

शेरीफच्या कचेरीत परवान्याच्या खिडकीवर बसायची ती इर्मा, त्याची स्वतःची बायको. तिनं अनोळखी माणसासारखा अर्ज भरून घेतला. नाव विचारलं, पत्ता विचारला, लग्न झालंय का तेही विचारलं. झालंय, पण बायको तापट आहे, असं यानं सांगितलं. "तसा रकाना नाही," ती म्हणाली, आणि फोटो काढताना पोट आत घ्यायला सांगितलं. म्हणून त्या कार्डावर एमिल हसतोय. दर पाच वर्षांनी ती महिनाभर आधीच त्याला खुर्चीत बसवायची, आणि दर फोटोत तो हसायचाच. शेवटचा फोटो तिनं काढला तेव्हा तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. नोकरीतला तिचा तो शेवटचा आठवडा होता. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. पिस्तूल एमिलनं एकदाही कुणावर रोखलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलगी पॉला त्याला इकडे घेऊन आली. आमच्याकडे बाहेरच्या राज्याचा परवाना चालतो, पण तिथं राहणाऱ्या माणसाचाच. इथला रहिवासी झालास की ते कार्ड इथं कामाचं नाही. हे कळल्यावर एमिल पाहुणाच राहिला. बॅग रिकामी केली नाही, गाडीची जुनी नंबरपाटी काढली नाही, जुनं घर विकायला काढलं नाही. "बाबा, पाहुणे माझ्या फ्रिजमध्ये हात घालत नाहीत," असं पॉला म्हणायची. तरी हा पाहुणाच.

मग वॉलाय माशाचा मोसम आला. मासेमारीचा परवाना रहिवाशाला स्वस्त आणि परक्याला जवळजवळ तिप्पट. खाणवस्तीत वाढलेला माणूस माशासाठी तिप्पट देतोय होय! गेला आणि रहिवासी ठरावं म्हणून गाडी चालवायचा परवाना मिशिगनचा करून आला. पाहुणेपण तिथंच संपलं. त्यानंतर काही दिवसांतच कार्डाची मुदतही संपली, आणि ते याच्या ध्यानात आलं महिन्यानं.

"पंचवीस वर्षांत तिनं एका दिवसाचा खंड पडू दिला नाही," तो डबा बंद करत म्हणाला. "आणि मी माशांपायी घालवला."

पिस्तुलाचं त्याला काही पडलेलं नव्हतं. इर्माचा कागद आपल्या हातून मेला, हे त्याला खात होतं. मी उलट्या काळजाची बाई आहे असं माझी मुलं म्हणतात, पण त्या तळघरात मला फार वाईट वाटलं.

मी त्याची दोन्ही कार्डं मागून घेतली. इथं नव्यानं आलेल्याला अर्ज करायला सहा महिने थांबावं लागतं. पण रहिवासी झाल्याच्या दिवशी दुसऱ्या राज्याचा परवाना चालू असेल तर ती अट माफ होते. गाडीच्या परवान्यावर तारीख होती अठ्ठावीस एप्रिल. इर्माच्या कार्डाची मुदत दोन मेपर्यंत. तो आणखी आठवडाभर पाहुणा राहिला असता तर हातचं गेलं असतं. मी त्याला हे दोनदा समजावलं. कचेरीतल्या माणसानं सांगितलं तरच खरं, असं त्यानं मला तोंडावर ऐकवलं.

जुलैमध्ये मीच त्याला माझ्या ट्रकमधून काउंटीच्या कचेरीत नेलं. खिडकीवर नवी मुलगी होती. तिनं कार्ड बघितलं आणि मुदत संपलीय, सहा महिन्यांनी या, म्हणून परत सरकवलं. एमिल कार्ड उचलून निघाला. मी नाही निघाले. मुदत आता संपलीय, पण मला हा रहिवासी झाला त्या दिवसाचं विचारायचंय, असं मी तिला सांगितलं आणि नियमाचं पान उघडायला लावलं. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले, त्यांनाही ऐकवलं. मुलीनं पान वाचलं, दोन्ही तारखांवर बोट ठेवलं, कार्डाची प्रत काढली आणि अर्ज घेतला. कार्ड तिनं एमिलच्या हातात परत दिलं.

"त्या दिवशी चालू होता, सर," ती म्हणाली.

ट्रकमध्ये बसल्यावर मी किल्ली फिरवली तेव्हा त्यानं माझा हात धरला.

"काय म्हणाली ती?"

"चालू होता म्हणाली."

"परत सांग."

एरवी मी कुणाला एक गोष्ट दोनदा सांगत नाही. "चालू होता, एमिल. इर्मानं खंड पडू दिला नाही."

त्यानं टोपी काढून तोंडावर धरली आणि ढसाढसा रडला. पुरुष माणूस रडायला लागला की मी खोलीतून उठून जाते. त्या दिवशी मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले.