मंगोलियाची सावड

सोमवारी सकाळी मी ऑफिसात मस्टरवर सही करायला गेले, की भाऊसाहेब पेनाला टोपण लावायचे, टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आपलं एक माणूस जायचं हाय."

"माहीत आहे, भाऊसाहेब."

"माहीत हाय, पन गेलं का?"

हे असं चार वर्षं, दर सोमवारी. एखाद्या सोमवारी मी मुद्दाम उशिरा जायचे, तर मंगळवारी वाट बघत बसलेले असायचे.

भाऊसाहेब आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. कॉलेज भीमाकाठी, शिरूर आणि दौंड दोन्हीकडच्या एसट्यांना सारखंच नकोसं. मी दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, तिथं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. बाकीच्यांनी एवढंच समजा की कॉलेजात माझ्यापेक्षा पाण्याच्या माठाची नोकरी पक्की होती.

त्या माठाशेजारीच आंतरराष्ट्रीय कक्ष होता. झालं असं की विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक संलग्न महाविद्यालयानं 'आंतरराष्ट्रीय शिक्षण व देवाणघेवाण कक्ष' उघडावा आणि दरमहा अहवाल पाठवावा. आमच्या प्राचार्यांचा एक नियम होता. जो कागद कळत नाही तो भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेबांनी माठाशेजारी एक टेबल टाकलं, भूगोल विभागातून पृथ्वीचा गोल आणला. त्याचा खिळा तुटला होता म्हणून तो एका वाटीत बसवला, आणि कक्ष सुरू झाला.

दोन वर्षं अहवाल गेला: आलेले परदेशी विद्यार्थी, निरंक. गेलेले विद्यार्थी, निरंक. प्राचार्यांना ते निरंक बघवेना. तेव्हा रांजणगावला कारखाने उभे राहत होते आणि कारेगावात बिहारी कामगारांनी खोल्या भरल्या होत्या. प्राचार्य म्हणाले, "त्यातला एखादा बहिःस्थ म्हणून दाखवता येईल का हो?"

भाऊसाहेबांनी वाटीतला गोल फिरवून बघितला. "सर, त्ये परराज्य हाय. परदेश न्हाई."

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ओयुना आली. मंगोलियाची. बाविसेक वर्षांची, गालांवर लाली, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. तिला 'ग्रामीण अर्थव्यवस्था' शिकायची होती. विद्यापीठात कुणीतरी यादीत डोळे मिटून बोट ठेवलं असणार आणि ते आमच्यावर पडलं. एका सत्रासाठी एसटीतून उतरली ती फाटकासमोर.

कॉलेजात मुलींचं वसतिगृह नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या घरी राहील," आणि तिला वडगाव रासाईला घेऊन गेले. घरात ते, काकू आणि दारात सात मेंढरं. घराणं मूळचं मेंढपाळांचं. वडलांच्या काळात रान घेऊन गावात टेकलेलं. पण काकूंना मेंढरांशिवाय करमायचं नाही, म्हणून सात ठेवलेली. ओयुना ओट्यावर चढायच्या आधी मेंढरांत शिरली. एकीची लोकर दोन बोटांत धरून चोळली, जबडा उघडून दात बघितले आणि काकूंकडे बघून नाक मुरडलं. काकूंनीही नाक मुरडलं. ती मेंढी खरंच म्हातारी होती. दोघींची दोस्ती तिथंच जमली. शेवटपर्यंत काकू मराठीत बोलायच्या, ती मंगोलियनमध्ये, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. अडायचं ते माझं. मी मध्ये इंग्रजी घेऊन उभी.

पंचक्रोशीला कळलं की कॉलेजात परदेशी पाहुणी आलीय. आपल्याकडे पाहुणा आला की काय करतात ते तुम्ही जाणताच. सत्कार! विकास सोसायटीनं केला, पतसंस्थेनं केला. बोअरला पाणी लागलं तिथं तिच्या हस्ते बटण दाबलं. भांडगावच्या एका माणसानं हायवेला टायरचं दुकान काढलं, फीत तिनं कापली. कुस्त्यांच्या आखाड्यात पैलवानांची सलामी लावायला नेलं, तर ही बया एकाचा खांदा धरून त्याला पकड दाखवायला लागली. हलगीवाला वाजवायचा थांबला. पैलवान लाजून लाल!

दर सत्काराला शाल आणि नारळ. नारळ खायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं ते सगळे कॉटखाली ओळीनं मांडून ठेवले. तिला वाटलं मायदेशी न्यायचे असतात. महिन्याभरानं काकूंनी झाडताना बघितलं तेव्हा कपाळावर हात मारला. पुढचे पंधरा दिवस त्या घरात खोबऱ्याशिवाय दुसरं काही शिजलं नसेल.

या सगळ्यात ग्रामीण अर्थव्यवस्थेचे तास तिनं किती केले असतील? जाऊ द्या. शिकायचं ते ती कांद्यात शिकली.

परीक्षा विद्यापीठानं पुढे ढकलली आणि त्याच वेळी भाऊसाहेबांचे कांदे काढणीला आले. मजूर मिळेनात, सगळे कारखान्यांकडे वळलेले. पहिल्या दिवशी ओयुना बांधावर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी विळा मागून घेतला. मग अकरा दिवस ती काकूंच्या बरोबरीनं उन्हात बसून पात कापत होती. डोक्याला सत्काराची शाल गुंडाळलेली. मी एका रविवारी गेले तर मला म्हणाली, "माझ्या घरी आता लोकर कातरायचे दिवस. आई एकटी असेल." आणि पुन्हा खाली मान घालून पात कापायला लागली.

हे वाक्य मी भाऊसाहेबांना मराठीत सांगितलं. ती चूकच झाली.

सत्र संपलं, ओयुना रडली, काकू रडल्या, प्राचार्यांनी तिला जाताना आणखी एक नारळ दिला. ती गेली तो शनिवार. सोमवारी भाऊसाहेबांनी टेबलावर टकटक केलं. "मॅडम, विद्यापीठाला एक पत्र लिवा. आपलं एक माणूस जायचं हाय."

"कुठं?"

"मंगोलियाला. कातरणीला. सावड हाय ही."

सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात राबलात, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, कागद नाही. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. मी हसले. म्हटलं, "भाऊसाहेब, ती पाहुणी होती हो."

त्यांचा चेहरा उतरला. "पाव्हणीला कुनी अकरा दिस कांदं काढाया लावतं व्हय? तिची आई तिकडं एकटी कातरत बसली आसंल, आन् लेक आमच्या रानात. न्हाई मॅडम. फेडल्याबिगर झोप यायची न्हाई."

ते गमतीनं बोलत नव्हते. मला हे कळायला फार वेळ लागला.

विद्यापीठाकडून उत्तर आलं की सदर योजना केवळ आगमनाची असून निर्गमनाची तरतूद नाही. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "निस्तं यायचं? मग कक्षाच्या पाटीवर देवानघेवान कशाला लिवलंय?" आणि दर सोमवारी एक स्मरणपत्र. मी इंग्रजी करायचे, ते टाइप करायचे. जाणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायचे.

कोरी जागा दिसली की माणसांना हुरूप येतो. संस्थेच्या अध्यक्षांनी सात संचालकांचं शिष्टमंडळ ठरवलं. भाऊसाहेब नम्रपणे उभे राहिले. "साहेब, ह्यातलं लोकर कातरनारं कोन हाय?" अध्यक्ष महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग प्राचार्यांनी सुचवलं की शैक्षणिक संबंध दृढ करायला आपण स्वतः गेलेलं बरं.

"सर, अकरा दिस वाकून बसता येईल का?"

प्राचार्यांची कंबर जगजाहीर होती. विषय मिटला.

एकदा भाऊसाहेबांनी मलाही विचारलं. "मॅडम, तुमी जाता का? तुमाला भाषा येती."

"मला मेंढीची भीती वाटते," मी म्हटलं आणि हसण्यावारी नेलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा कधी विचारलं नाही. आज वाटतं, हो म्हणायला काय जात होतं माझं? नुसतं हो. निदान एक सोमवार त्यांचा बरा गेला असता.

शेवटी त्यांनी स्वतःच पासपोर्टचा अर्ज भरला. सोबत काकूंचाही. शिरूरहून हवालदार चौकशीला आला तेव्हा मी तिथंच होते.

"कुठं जायचं म्हणता?"

"मंगोलियाला."

"पोरगा हाय तिकडं?"

"न्हाई."

"मग?"

"त्यांनी आपलं कांदं काढल्यात."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "खरं आहे." त्यानं बराच वेळ विचार करून कागदावर 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. निघताना विचारलं, "आन् ह्या वैनी कशाला?"

"मेंढराचं मला कळतंय," भाऊसाहेब म्हणाले, "पन कातर चालती तिच्या हातात."

पासपोर्ट आले. रजेचा अर्ज गेला. कारण: सावड फेडणे. तो नामंजूर झाला, कारण त्या नावाची रजा नियमात नव्हती. तोवर ओयुनाचं पत्र आलं होतं. आईला सगळं सांगितलंय, आई हसली आणि म्हणाली, मेंढ्या आहेत, कधीही या. भाऊसाहेबांनी ते पत्र गोलाखालच्या वाटीत ठेवलं. म्हणाले, "आता रिटायर झालो की पयलं काम."

रिटायर झाले मार्चअखेरीला. निरोपसमारंभात शाल, नारळ. मेच्या मध्यावर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दशक्रियेला आम्ही सगळे नदीवर. प्राचार्य, अध्यक्ष, सातही संचालक. पिंड ठेवला आणि मी मनात म्हटलं, कावळा कसला शिवतोय! चार वर्षांची सावड अंगावर घेऊन गेलेला माणूस. हे आता म्हणणार घराकडे लक्ष देऊ, ते म्हणणार शेताकडे बघू, आणि खरं काय ते मला एकटीला ठाऊक. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी जाते मंगोलियाला. मेंढीची भीती गेली खड्ड्यात.

मी पदर खोचते न खोचते तोच कावळा आला आणि पिंडाला शिवून गेला. हात जोडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. "समाधानानं गेला माणूस," लोक म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मला इतका राग आला म्हणून सांगू! कावळ्याचा, भाऊसाहेबांचा, सगळ्यांचाच. एवढे सोमवार माझं डोकं खाल्लंत आणि शेवटी इच्छाच नाही? घरी गेल्यावर मी काकूंसमोर हे बोलूनच टाकलं आणि वर रडलेही.

काकूंनी मला पाणी दिलं. मग ट्रंकेतून धुतलेल्या धडप्यात गुंडाळलेली कातर काढली. तिला नवी धार लावली होती. तिच्याखाली पासपोर्ट.

"आदल्या दिशीच सांगत हुते," काकू म्हणाल्या, "मला न्हाई जमलं तर तू जा. मी म्हनलं, जाती. मग कशाला आडतोय त्यांचा जीव?"

आणि त्या गेल्या. सुतक फिटल्यावर, रिटायरमेंटच्या पैशातून, भावकीची बोलणी खात. इतक्या उशिरा कातरणी असते का, ते ओयुनाला फोनवर विचारलं. ती म्हणाली, जून चालेल, राहिलेल्या मेंढ्या तुमच्यासाठी ठेवते. विमानतळावर मी काकूंच्या हातात कॉलेजची पुठ्ठ्याची फाइल दिली. तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मी मंगोलियाला कातरणीला चालले आहे, मला पुढच्या विमानात बसवा. बीजिंगपर्यंत आणि तिथून पुढे, लोकांनी खरंच बसवलं. कातर सामानात दिलेल्या ट्रंकेत होती.

कक्ष आता माझ्याकडे आला होता. जूनच्या अहवालात मी भरलं: गेलेली व्यक्ती, एक. शिक्षण, चौथी. विषय, लोकर. विद्यापीठाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते फ्रेम करून माठावरच्या भिंतीवर लावलं.

काकू परत आल्या त्या एका सोमवारी. उन्हानं काळवंडलेल्या, अंगात तिकडचा लोकरीचा कोट, थेट स्टँडवरून कॉलेजात. माठातलं पाणी प्यायल्या आणि भाऊसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. बसल्या मात्र समोरच्या स्टुलावर.

"फिटली ना काकू?" मी विचारलं. "अकरा दिवस?"

"बारा," काकू म्हणाल्या. "शेवटच्या दिशी पाच मेंढरं उरली हुती. तशी टाकून कसं यायचं?"

मग त्यांनी टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं.

"मॅडम, एक पत्र लिवा. आता त्यांचं एक माणूस यायचं हाय."