फेकाताईने न फेकलेल्या गोळ्या

माझ्या ताईला गिऱ्हाईकं फेकाताई म्हणायची. औषधांच्या दुकानात ती सव्वीस वर्षं काउंटरवर उभी राहिली. विकलं त्याहून जास्त तिने लोकांना फेकायला लावलं असेल. मालक कपाळाला हात लावायचा, पण तिच्या शब्दावर माणसं येतात हे त्यालाही कळत होतं.

व्हिटॅमिनच्या त्या गोड, मऊ गमी आल्यावर तर तिच्या सल्ल्यांना ऊतच आला. कुणी विचारलं, "चिकटल्यात, चालतील का?" की हिचं सुरू. "दाबून बघा. दबून परत वर आली तर ठीक. सगळ्यांचा मिळून गोळा झाला असेल, तर एका तुकड्यात औषध किती आलं ते देवालाही ठाऊक नाही. ओली झाली, वास बदलला, कडक झाली, तर फेका."

"अहो, तारीख आहे अजून!"

"तारीख नीट झाकलेल्या बाटलीची असते. उघडी ठेवा असं तारखेने सांगितलं होतं का?"

भाऊजी शिंपी. शांत माणूस, ताईच्या अगदी उलट. म्हातारपणी हात थरथरायला लागले, सुई ओवेना, मशीन बंद पडलं. गोळी गिळताना ठसका लागायचा, म्हणून डॉक्टरांनी रोज एक गमी सांगितली. बाटलीचं ते दाबून फिरवायचं झाकण त्यांना उघडेना. मग कामावर निघताना ताई झाकण सैल करून बाटली शेगडीशेजारच्या फळीवर ठेवायची. फेकाताईच्या घरात उघडी बाटली, तीही शेगडीजवळ! पण नवऱ्याचे हात बघून शहाणपण कुठे सुचतं?

एका सकाळी भाऊजी म्हणाले, "अगं, या कडक झाल्यात. जरा दाबून बघ ना."

दुकानात माल उतरायचा होता, ताई चपला घालत होती. "काही होत नाही तेवढ्याने. चघळा हळूहळू."

"बरं," म्हणाले. भाऊजी आयुष्यभर 'बरं'च म्हणाले.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "खाल्ली?" ते म्हणायचे, "खाल्ली." तीन आठवड्यांनी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं.

ताईच्या मनाने घेतलं ते घेतलंच. "मीच खायला लावल्या त्या." डॉक्टरांनी समजावलं, "अहो, कडक झाली की फार तर तिची ताकद कमी होते. त्याने माणूस जात नाही. त्यांचं हृदयच थकलं होतं." तिने मान हलवली, पण आत काही शिरलं नाही. काउंटरवर कुणी विचारलं, "या चालतील का?" तर ही म्हणायची, "मला नाही माहीत." शेवटी मालकानेच मला फोन केला. "तुमच्या ताईला सांभाळा," म्हणाला.

मी गेले. तिच्या झग्याचं बटण तुटलं होतं, म्हणून मी भाऊजींचा बटणांचा डबा उघडला. लाल, पिवळी, हिरवी बटणं, आणि त्यांच्यात दडलेल्या तितक्याच रंगीत गमी. दगडासारख्या. मी मोजल्या. एकवीस.

मी वेडी, आनंदाने ओरडले. "ताई, अगं, कडक झालेली एकही खाल्ली नव्हती त्यांनी! सुटलीस तू!"

ती आली. एक गमी उचलून अंगठ्याने आणि बोटाने दाबली, काउंटरवर दाबायची तशीच. दबली नाही. मग तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. भाऊजी गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

"कचऱ्यात टाकल्या असत्या तर मला दिसल्या असत्या ना," ती म्हणाली. "मी ओरडेन म्हणून लपवल्या."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अख्ख्या जगाला दाबून बघा म्हणत सुटले," ताई म्हणाली. "त्यांनी एकदाच सांगितलं होतं गं. एकदाच."

फेकू का, असं मी विचारलं. तिने माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.