छातीच्या उंचीवर

आमचे हे जंगलखात्यात झाडं मोजतात. एकतीस वर्षं हाच धंदा. खोडाला टेप गुंडाळायची, घेर वहीत लिहायचा, पुढचं झाड. त्या घेरांवरून वरचे लोक हिशोब मांडतात, की जंगल हवेतला किती धूर गिळतं; आणि त्यावरून ठरतं कारखान्यांना किती धूर सोडू द्यायचा. "माझ्या टेपवर सरकार चालतं," असं जेवताना ऐकवायचे. मी म्हणायची, "आधी तो नळ गळतोय, तेवढा बघा."

मी शिवणकाम करते. निवृत्तीला चार दिवस होते, समारंभात ह्यांचा सत्कार होणार होता, म्हणून कोट शिवायला घेतला. माप घेतलं, जुन्या वहीतल्या मापाशी ताडलं आणि हसत सुटले. "अहो, पुढून चार बोटं कमी भरताय! पोक काढून चालता ना, भोगा आता."

हे हसले नाहीत. "छाती किती खाली आली?" दोनदा विचारलं.

घेर घ्यायचा तो जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर. त्यासाठी खात्याची काठी होती. पण ती उंची ह्यांच्या छातीला बरोबर यायची, म्हणून काठी घरीच राहिली. मीच मेलीने ती कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलेली. पाठ वाकत गेली तशी टेपही खाली घसरली, आणि खोड खाली जाडच असतं. गेली काही वर्षं पानं अवेळी गळत होती. "झाडं आजारी दिसतात, पण आकडे चांगले येतात बुवा," असं हेच म्हणायचे.

सकाळी दोरीखालची काठी काढून गेले. संध्याकाळी बूट न काढताच बसून राहिले. "चाळीस झाडं मोजली. सहा वर्षांपूर्वी होता तेवढाच घेर आहे गं, वाढलीच नाहीत."

"गप्प बसा," मी म्हणाले. "चार दिवसांचा प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची." आज सांगताना लाज वाटते.

"त्या मुठीच्या भरवशावर कारखाने धूर सोडतायत," हे म्हणाले, आणि चूक लिहून द्यायला साहेबांकडे गेले.

सत्कार रद्द झाला. साहेब नको नको ते बोलले. सगळं जंगल पुन्हा मोजायचं ठरलं, तेही बिनपगारी, ह्यांनीच. आता मी काठी धरते, वहीही मीच लिहिते, हे टेप लावतात. "नीट टेकव जमिनीला," म्हणून वर मलाच ओरडतात.

काल एक झाड वहीतल्यापेक्षा पाच बोटं बारीक भरलं. ह्यांनी परत मोजलं. तेवढंच.

"लिही," म्हणाले. मी वहीतला जुना आकडा पुन्हा एकदा वाचला. मग लिहिलं.