बेस बदलायचा राहिला

नव्वदीची सुरुवात नुकतीच मागे पडली होती. डिप्लोमा झाल्यावर सुरतेत एका इलेक्ट्रिकल सल्लागाराच्या ऑफिसात मला नोकरी लागली. भेस्तानच्या एका डाइंग मिलमध्ये पाचशे केव्हीए क्षमतेचा जुना जनरेटर होता, त्याच्या जोडीला हजाराचा नवा येणार होता. दोन्ही एकत्र चालताना शॉर्ट झाला तर किती करंट वाहील ते काढायचं आणि तेवढा करंट तोडू शकतील असे ब्रेकर निवडायचे, हे काम माझ्याकडे आलं.

अशी गणितं पर युनिटमध्ये करतात. शॉर्टच्या वेळी जनरेटर करंटला जो अडथळा करतो, त्याचा आकडा त्या मशीनच्या स्वतःच्या क्षमतेच्या मापात दिलेला असतो. त्या मापाला बेस म्हणतात. दोन मशीन जोडायची तर दोघांचे आकडे आधी एका बेसवर आणायचे. मी पाचशेचा बेस धरला. नव्या मशीनचा अडथळ्याचा आकडा पॉइंट पंधरा होता, तो या बेसवर निम्मा व्हायला हवा होता. मी तो तसाच लिहिला. अडथळा दुप्पट धरला गेला, म्हणून करंट कमी निघाला, ब्रेकर कमी ताकदीचे आले. साहेबांनी न बघता सही केली.

मिलचे एक वायरमन उधन्यात आमच्याच गल्लीत राहायचे. मूळचे अमळनेरकडचे, मी त्यांना काका म्हणायचे. एका दुपारी एक ब्रेकर पडला, म्हणजे आपोआप बंद झाला. आत केबल जळाली आहे हे त्यांना कळलं नाही. त्यांनी खटका पुन्हा वर केला, ब्रेकर चालू केला आणि तो त्यांच्या तोंडासमोर फुटला.

बातमी कळली तशी मी फाइल काढली. चूक पहिल्याच पानावर होती.

"वायरमनने न तपासता वर केला, मिलवालेही तेच म्हणतायत," साहेब म्हणाले. "तू ते पान विसर."

न तपासता वर केला, हे खरंच होतं. पण ब्रेकर योग्य असता तर नुसता परत पडला असता.

आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. काकांचे दोन्ही हात, तोंड, सगळं पट्ट्यांत. शेजारी काकू बसलेल्या. मी गणित सांगायला लागले आणि अडखळले. शेवटी एवढंच म्हणाले, "काका, ब्रेकर मी निवडला होता. माझा हिशोब चुकला."

काका अहिराणीत म्हणाले, "मंग मनी चूक नव्हती का?" म्हणजे, त्यांची चूक नव्हती का.

काकूंनी तोंडाला पदर लावला. दोन दिवसांपूर्वीच मिलच्या माणसांनी एक कागद आणला होता. चूक काकांचीच, असं त्यात काकांच्या नावाने लिहिलेलं. काकांना बोटं हलवता येत नव्हती, म्हणून अंगठा काकूंनी दिला होता.

मी सगळं लिहून, खाली सही करून मिलच्या मॅनेजरला नेऊन दिलं. त्याने वाचलं. "बेन, एणे पोते लखी आप्युं छे," त्याने स्वतःच लिहून दिलंय, असं म्हणत त्याने तो अंगठ्याचा कागद माझ्यापुढे धरला आणि माझा परत दिला. संध्याकाळी साहेबांनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

काकांचा एक डोळा गेला, बोटं आखडली. दिवाळीच्या आधी दोघं गावी निघून गेले. गाडी कधीची आहे ते काकू मुद्दाम येऊन सांगून गेल्या होत्या. मी स्टेशनवर गेले नाही.