घासलेली तलवार

पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं, इवनचा मला अजून राग येतो. आणि हा राग जावा असं मला वाटतही नाही.

टॉर्क्विल माझा थोरला भाऊ. पस्तीस वर्षं स्काय बेटाच्या फेरीबोटीवर दोर ओढले, लग्न केलं नाही, हौस एकच, जुनी हत्यारं. घरभर भिंतींवर कट्यारी, कातडी ढाली, मुठीसकट पोलादाची पिस्तुलं. बहुतेक सगळ्या नकलाच. पण माणूस इतका सरळ, की प्रत्येक नकलेवर स्वतःच्या हातानं ‘नक्कल’ असं कोरून ठेवायचा. "पाहुण्याला फसवायचंच, तर चहा तरी कशाला पाजायचा?" म्हणायचा.

खरी वस्तू एकच होती. मुठीभोवती लोखंडी जाळी असलेली आमच्या घराण्याची तलवार. कलोडनच्या लढाईत राजाच्या फौजेकडून आमचा पराभव झाला, हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं, तेव्हा पूर्वजांनी ती गवती छपरात खुपसली. खाली चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळत राहिलं, वर ती धूर खात राहिली. आजोबांनी छप्पर उतरवलं तेव्हा निघाली ती तव्याच्या बुडासारखी काळी. ती लपवलेली होती याला पुरावा काय, तर ती काजळी. दुसरा कागदबिगद काही नाही. टॉर्क्विल तिच्यावर साधा फडका फिरवू द्यायचा नाही. त्याच्यामागं ती इवनकडे जायची होती.

इवननं लग्नात केक कापायला ती मागितली. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. टॉर्क्विलनं आठवडाभर आधी घोंगडीत गुंडाळून दिली.

"नेतोयस तशीच आण," एवढंच म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पोर्ट्री गावच्या हॉलात केकशेजारी ती मखमलीवर मांडलेली, नव्या ताटासारखी लखलखीत. टॉर्क्विल तिच्याजवळून सरळ पुढे गेला. त्यानं ओळखलीच नाही.

"इवन, आपली तलवार कुठाय रे?"

"ही काय, मामा! ड्रिलला तारेचा ब्रश लावून दोन दिवस घासली. काय घाण बसली होती! फोटोत ते काळं कसं दिसलं असतं?"

"घाण तुझ्या अकलेवर बसलीय, मेल्या!" मी ओरडले. लग्नघर आहे, व्याही समोर उभे आहेत, कशाचं भान राहिलं नाही. "एवढा शिकलास आणि हे दिवे लावलेस?"

बॅगपाइप वाजवणारा वाजवायचा थांबला. इवनचं तोंड उतरलं.

"चुकलो, मामा. पुन्हा काळी करून देतो. तसला रंग मिळतो बाजारात."

टॉर्क्विलचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"रंग? पावणेदोनशे वर्षांचा धूर डब्यात भरून विकतात होय रे? त्या चुलीपाशी जीव मुठीत धरून बसलेली माणसंही आण मग, त्याच दुकानातून!"

नवरी रडायला लागली. टॉर्क्विलनं तिच्याकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला.

"काप केक. लोक ताटकळलेत."

दोघांनी केक कापला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टॉर्क्विलनं पातं रुमालानं पुसलं आणि तलवार इवनच्या हातात दिली.

"घेऊन जा. माझ्यामागं नको, आजच ने. आणि उद्या तुझ्या पोरांनी हिच्याबद्दल विचारलं, तर कलोडनचं सांगू नकोस. ड्रिलचं सांग."